सलग थर

मंगळवारी सकाळी पावणेअकराला स्क्रीनवर तो थर तुटलेला दिसला. मी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला. थर तुटलेलाच होता. डावीकडून येणारी काळी पट्टी तीनशे अठ्ठावीस मीटरच्या खुणेपाशी संपत होती आणि तीच पट्टी अकरा मीटर खाली पुन्हा सुरू होत होती. चालत्या माणसाचा पाय खड्ड्यात जावा आणि त्याने तिथूनच, खालूनच, पुढे चालू लागावं तशी. शेजारच्या टेबलावर कुणीतरी स्टेपलर आपटत होतं. मी पट्टीला बोट लावलं. काच कोमट होती. सतरा वर्षं हा थर माझ्या ओळखीचा होता. मी त्याला एकाच रूपात पाहिलं होतं, सलग, किंचित उजवीकडे कललेला, वहीत फूटपट्टीने मारलेल्या रेघेसारखा, आणि त्याच रूपात तो छापून दिला होता. त्या छापील कागदावर भरवसा ठेवून ज्यांनी डोंगरात बोगदा खणला त्यांच्यात माझा धाकटा भाऊ होता. तीनशे अठ्ठाविसाव्या मीटरला समोरचा खडक फुटून पाणी आणि चिखल आत आला. सात माणसं गेली. धाकटा सातवा, कारण तो सगळ्यात शेवटी सापडला.

तो बोगदा पुढे वळसा घालून पूर्ण झाला. आता त्याच्याशेजारून दुसरा जाणार आहे, म्हणून जुन्या नोंदी नव्या पद्धतीने पुन्हा तपासायचं ठरलं आणि साहेबांनी फाईल माझ्या टेबलावर ठेवली. "डोंगर तुमच्या ओळखीचा आहे," ते म्हणाले. ते नवीन आहेत, त्यांना कुणी सांगितलं नसावं. मीही सांगितलं नाही. न सांगणं मला जमतं. माझं काम काय हे घरच्यांनाही मी कधी नीट सांगू शकले नव्हते. जमिनीत एका ओळीत आवाज टिपणारी बारीक यंत्रं पुरतात, जरा लांब एक छोटा स्फोट करतात आणि खालच्या थरांवर आपटून परत येणारे आवाज नोंदवून घेतात. नोंदीत सगळंच येतं. खडक येतो, वारा येतो, शेजारून चालत जाणारा माणूस येतो, रस्त्यावरचा ट्रक येतो. त्यातलं नको ते काढायचं आणि हवं ते ठेवायचं, म्हणजे भूवैज्ञानिकाला खालचा खडक वाचता येतो. धाकटा इंजिनिअर झाल्यावर सगळ्यांसमोर म्हणायचा, "आमची ताई डोंगराचं गाऱ्हाणं ऐकते, त्यातलं रडणं कापते आणि उरलेलं साहेबाला देते." सगळे हसायचे. मीही हसायचे, कारण ते बरंचसं बरोबर होतं.

नवी पद्धत खरं तर फार नवी नाही. थर जिथे तुटलेला असतो तिथली तुटकी कड आवाज एकाच दिशेला परत पाठवत नाही, चहूकडे फेकते. नोंदीत तो उघड्या छत्रीसारखा दिसतो, मधे टोक आणि दोन्ही बाजूंना खाली ओघळणाऱ्या काड्या. छत्री दिसली की समजायचं, इथे काहीतरी तुटलं आहे. मग गणिताने त्या काड्या मिटवत मिटवत एका बिंदूपाशी आणायच्या, की तुटकी कड आपल्या जागी येऊन बसते. हे गणित तेव्हाही होतं. यंत्राला दोन दिवस लागायचे आणि माझ्या हातात चार होते. पण त्या भागातून एक रस्ता जात होता, आणि ट्रकचा आवाज नोंदीत तिरक्या रेघा होऊन उतरतो. तिरकं ते सगळं छाटणारी एक चाळणी असते, आम्ही तिला उताराची छाटणी म्हणतो. मी ती संपूर्ण ओळीवर लावली. ट्रक गेले. छत्रीच्या काड्यांचा उतार ट्रकच्या रेघांइतकाच होता, त्यामुळे काड्याही गेल्या. उरलं ते मधलं टोक, आणि छाटणीनंतर शेजारच्या नोंदी एकमेकींत थोड्या मिसळतात, तसं ते टोक दोन्हीकडच्या पट्ट्यांत मिसळून गेलं. तुटलेल्या जागी थर भरून आला. किती स्वच्छ आलंय, असं तेव्हाचे साहेब म्हणाले होते. ते शब्द मला त्या संध्याकाळी बसमध्ये पुरले होते, हेही आठवलं.

या वेळी मी छाटणी लावली नव्हती. का नाही लावली, याचं काही कारण मला देता येत नाही. पुढच्या पायऱ्या आधी करून पाहाव्यात असं वाटलं, एवढंच. आता करताना वाटलं तसं तेव्हा का वाटलं नाही, या प्रश्नापाशी मी बराच वेळ बसले आणि मग स्वतःला म्हणाले, तेव्हा ट्रक होते. ट्रक होते, म्हणून छाटलं. कुणीही छाटलं असतं. हे वाक्य मनात तयार झालं तेव्हा ते जुनं आहे असं वाटलं, वापरून गुळगुळीत झालेलं. दुपारी मी तळघरात गेले. जुनी दप्तरं सांभाळणारा माणूस तिथे रेडिओ लावून बसतो. "काय मॅडम, भुतं उठवायला आलात?" त्याने विचारलं आणि मी सांगितलेला नंबर ऐकून उठला. गठ्ठा त्याने तोंडाने फुंकर मारून दिला. त्यात फील्डवरचे रोजचे कागद होते. दर स्फोटाची वेळ, जागा आणि शेवटच्या रकान्यात शेरा. नोंदणाऱ्याचं अक्षर बारीक आणि डावीकडे झुकलेलं. एका शेऱ्यात गुरं आली म्हणून थांबलो, एकात वारा. तीनशेच्या पुढचे स्फोट एकाच दिवशी झाले होते, आणि त्या पानाच्या डोक्यावर त्याने खाली रेघ मारून लिहिलं होतं: रस्ता दुरुस्तीसाठी दिवसभर बंद. वाहतूक नाही.

मी ते पान वाचलं नव्हतं. आमच्याकडे कागद वाचायचा नियम आहे, आणि वाचल्यावर कोपऱ्यात सही करायची असते. कोपऱ्यात माझी सही होती.

तळघरात बसायला एक लोखंडी स्टूल होतं, त्यावर मी बसले. रेडिओवर कुणीतरी तांदळाचे भाव सांगत होतं. चौकशी समितीपुढे मला एकदाच बोलावलं होतं. लांब टेबल, पाण्याचे पेले, तीन माणसं. मधल्याने विचारलं, "तुम्ही दिलेल्या चित्रात तुटलेला थर दिसतो का?" मी म्हणाले, "नाही." ते खरं होतं. फील्डवरचे कागद कुणी मागितले नाहीत. अहवालात आलं की, दर तीस मीटरला पुढे चाचणीचं छिद्र पाडून खडक पाहायचा नियम होता, जागेवरच्या इंजिनिअरने तीनशेच्या पुढे छिद्र पाडलं नाही, दुर्घटना त्याच्या हलगर्जीपणामुळे झाली. जागेवरचा इंजिनिअर म्हणजे धाकटा. बाकीच्या सहा घरांतली माणसं त्यानंतर आमच्या घरासमोरून जाताना वर पाहायची नाहीत. त्यातल्या एका बाईने भावजयीला बाजारात थांबवून म्हटलं होतं, "तुझा गेला तो स्वतःच्या करणीने. माझ्याने काय केलं होतं?" बाबांनी अहवाल आणून दोनदा वाचला, घडी घालून कपाटात ठेवला. ते आयुष्यभर ड्रॉइंगचे मास्तर होते, पेन्सिलीला टोक नसेल तर मुलाला वर्गाबाहेर काढायचे. "एक छिद्र," ते म्हणाले. "एक छिद्र पाडायला काय होत होतं त्याला?" मी त्यांच्या शेजारी बसले होते. मी त्यांना पाणी दिलं. चार वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा शुद्धीत होते, आणि त्यांच्या मनात त्यांचा मुलगा आळशी होता.

खरं तर छिद्र न पाडता पुढे जाण्याआधी धाकट्याने मला फोन केला होता. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. समितीने विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगायला जायचं म्हणजे कुठे जायचं, असं मी तेव्हा मनाशी म्हणाले असणार. दुपार होती, मी टेबलावर डबा उघडला होता. तो म्हणाला, "ताई, तीनशे ते तीनशे साठ, खडक सलग आहे ना गं? छिद्र पाडायचं मशीन बिघडलंय, दुरुस्तीवाला परवा उगवणार, आणि इथे साहेब डोकं खातोय." मी म्हणाले, "चित्रात सलग दिसतोय. पण तू तुझं बघ." पण तू तुझं बघ. या चार शब्दांवर मी सतरा वर्षं उभी आहे. बाबांना पाणी देताना, भावजयीकडे जाताना, मग भावजयीकडे जाणं कमी करताना, भाचीच्या वाढदिवसाला पोस्टाने पुस्तकं पाठवताना. मी त्याला सावध केलं होतं. निर्णय त्याचा होता. एखादी वस्तू रोज त्याच जागी असते म्हणून आपण अंधारातही तिला धडकत नाही, तसं ते वाक्य माझ्या घरात होतं.

बुधवारी मी शेजारच्या टेबलावरच्या भूवैज्ञानिकाला स्क्रीन दाखवला. पुढच्या वर्षी ते निवृत्त होतात. ते खुर्ची ओढत आले, चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ पाहिलं. "हे आधी कुठे होतं?"

"होतंच. मी छाटलं होतं."

"तुम्ही प्रोसेसिंगवाले म्हणजे लग्नाचे फोटोग्राफर हो," ते म्हणाले. "सगळ्यांना गोरं करून ठेवता. मग आम्ही बसतो खानदान शोधत." मग त्यांना काहीतरी लक्षात आलं. त्यांनी तीनशे अठ्ठावीसचा आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाई, हा तो आहे का? तुमच्या भावाचा?"

"हो."

"अरे देवा." ते आपल्या टेबलाकडे गेले नाहीत. "नव्या बोगद्यापुरतं लिहा. इथे तुटलेलं आहे, सांभाळून जा, बस. जुनं कशाला उकरता? तेव्हा सगळेच छाटायचे. मी स्वतः तुमच्या चित्रावर रंग भरलेत, माझीही सही आहे त्यावर."

"रस्ता बंद होता त्या दिवशी. कागदावर लिहिलेलं आहे."

"कोण बघतंय तो कागद आता?"

"मी बघितला," मी म्हणाले.

ते म्हणाले, "चहा मागवतो." चहा आला. आम्ही दोघांनी तो घेतला, आणि मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी सतरा वर्षं होते.

शनिवारपर्यंत मी चार पानं लिहिली. पहिल्या पानावर कोणत्या क्रमाने काय केलं ते. दुसऱ्यावर जुनं आणि नवं चित्र शेजारी शेजारी. तिसऱ्यावर फील्डवरचा शेरा, माझी सही, आणि धाकट्याचा फोन, जसाच्या तसा. चौथ्यावर निष्कर्ष: छिद्र न पाडण्याचा निर्णय चुकीच्या चित्रावर आणि ते चित्र करणाऱ्या व्यक्तीने दिलेल्या उत्तरावर आधारलेला होता. ती व्यक्ती मी. असं लिहायला मला पूर्ण दुपार लागली, कारण वाक्य पुन्हा पुन्हा कर्ता नसलेलं होत होतं. छाटणी लावण्यात आली. उत्तर देण्यात आलं. मी ती सगळी वाक्यं मोडून पुन्हा लिहिली. सोमवारी ही पानं तेव्हा चौकशी केलेल्या खात्याकडे जाणार होती. त्याआधी भावजयीने पाहावीत, म्हणून रविवारी सकाळी मी तिच्याकडे गेले. आठ महिन्यांनी.

ती औषधांच्या दुकानात काम करते, रविवारी तिची सुट्टी असते. तिसरा मजला, दारात दोन जोडी चपला. ती गॅलरीतून वाळलेल्या चादरी काढत होती. "ताई? या ना. फोन नाही काही नाही." मी फोन केला असता तर आले नसते, हे मी तिला सांगितलं नाही. तिने एक चादर झटकली आणि मी न विचारता दुसरं टोक धरलं. चादरीची घडी दोघींनी घालायची म्हणजे एकमेकींकडे चालत यावं लागतं. पहिल्या घडीला मी म्हणाले, छिद्र पाडलं नाही त्यात त्याची चूक नव्हती. दुसऱ्या घडीला सगळं सांगितलं, रस्ता, छाटणी, सही. तिने माझ्या हातातली टोकं घेतली, चादर छातीशी धरून चपटी केली आणि खुर्चीवर ठेवली. मी पिशवीतून पानं काढली. तिने तिसरं पान उभ्यानेच वाचलं. दुकानात चिठ्ठ्या वाचून तिला बोट फिरवत वाचायची सवय आहे. बोट एका ओळीवर थांबलं.

"हे असं नाही म्हणालात तुम्ही."

"काय?"

"पण तू तुझं बघ. हे तुम्ही म्हणाला नाहीत, ताई."

मी म्हणाले, तुला कसं माहीत. माझा आवाज मलाच चिरका लागला. ती म्हणाली, "फोन साइटवरच्या आमच्या खोलीतूनच केला ना ह्यांनी. मला तुमच्याशी बोलायचं होतं, म्हणून मी रिसीव्हरला बाहेरून कान लावून बसले होते. हे मला ढकलत होते, जरा थांब, कामाचं आहे म्हणून. तुमचं तोंड भरलेलं होतं. तुम्ही म्हणालात, सलग आहे रे, डोळे मिटून जा."

गॅलरीत खालच्या मजल्यावरच्या मिक्सरचा आवाज येत होता. मी आठवायचा प्रयत्न केला. माझे चार शब्द जागच्या जागी होते, स्वच्छ, ठळक, आणि त्यांच्याखाली काही नव्हतं. मग त्या दुपारचा घास आठवला, गालात धरलेला. घास आला, आणि त्याच्यामागून ते तीन शब्द आले, माझ्याच आवाजात, हसऱ्या, घाईतल्या, मोठ्या बहिणीच्या आवाजात. मी ते पहिल्यांदा ऐकल्यासारखे ऐकले.

"सतरा वर्षं," मी म्हणाले. "तू कधी बोलली नाहीस."

"कुणाला सांगणार होते? बाबांना? त्यांचा एक मुलगा गेला होता. तुम्हालाही घालवायचं त्यांच्या मनातून?" ती दुसरी चादर एकटीच घडी करू लागली, हनुवटीखाली धरून. "आधी वाटायचं, ताई सांगतील. आज सांगतील, वर्षश्राद्धाला सांगतील. मग तुम्ही येणंच कमी केलंत. मग मला वाटलं, ताईंना आठवतच नाहीये. आणि मग मला तुमचा फार राग आला. चार-पाच वर्षं नुसता राग. आता तोही नाही राहिला." चादर घसरली. तिने ती पुन्हा धरली नाही. "मुलीला मात्र तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार. तिला शाळेत ऐकवलंय मुलांनी, तुझ्या बापाने सहा माणसं मारली म्हणून. ती दुधाखालचा गॅस बंद केला की नाही ते तीनदा येऊन बघते. कॉलेजला निघाली की कुलूप ओढते, खाली उतरते, परत वर येऊन ओढते. मी विचारलं तर म्हणते, माझ्यात बाबांचं रक्त आहे ना, मग बघायला नको?"

मी पर्समधून पेन काढलं. तिसऱ्या पानावरचे चार शब्द खोडले आणि वर तीन लिहिले. समासात सही केली, तारीख घातली.

भाची साडेअकराला आली. दार लावून घेतलं, कडी घातली, दोन पावलं आत आली आणि मागे वळून कडी पुन्हा चाचपली. वीस वर्षांची आहे, खांदे धाकट्याचे. "आत्या! पुस्तकांऐवजी स्वतःच?" असं म्हणून हसली, आणि आमची तोंडं पाहून थांबली. तिची आई स्वयंपाकघरात गेली आणि आत काहीच आवाज केला नाही. मी भाचीला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं. चित्राचं सांगताना तिने मधे मधे विचारलं, हुशारीने विचारलं. मी उत्तरं दिली, काही न वगळता. मग पानं तिच्या हातात दिली. तिने चारही वाचली आणि तिसऱ्यावर परत आली.

"आजोबांना माहीत होतं?"

"नाही."

"आईला?"

"होतं."

तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मला वाटलं आता ती ओरडेल, पानं फेकेल, मला जा म्हणेल. मी त्याची तयारी करून आले होते. तिने पान मांडीवर ठेवलं, त्यावर हात सपाट पसरला.

"म्हणजे त्यांनी विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मशीन नव्हतं म्हणून विचारलं. तसेच नाही गेले."

"तसाच नाही गेला."

तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि तिने ते पुसलं नाही, जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "मला त्यांचा आवाज आठवत नाही, आत्या. मी तीन वर्षांची होते. हे इथे लिहिलंय ते रिपोर्टसारखं आहे. ते कसे बोलले? तो फोन पहिल्यापासून सांग. काही कापू नकोस."

दारात तिची आई येऊन उभी राहिली होती. मी डोळे मिटले नाहीत. समोरच्या भिंतीकडे पाहत मी त्या दुपारपर्यंत मागे गेले. फोन वाजला होता, मी डाव्या हाताने उचलला होता, आणि तीनशे ते तीनशे साठच्या आधी, मशीनच्या आधी, साहेबाच्या आधी त्याने एक प्रश्न विचारला होता. तो कुठल्याच पानावर नव्हता, कारण त्याचा कशाशी संबंध नव्हता.

"त्याने आधी विचारलं," मी म्हणाले, "ताई, जेवलीस का?"